पांढऱ्या शर्टातले पप्पा

पप्पा गेल्यावर वर्षभराने ते आईला दिसायला लागले. खिडकीपाशी, त्यांच्याच वेताच्या खुर्चीत, दुपारची उन्हं कलली की. आईनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका साधा होता की मला आधी कळलंच नाही. "तुझे पप्पा येऊन बसतात हल्ली," ती म्हणाली, आणि त्याच दमात, "शनिवारी येशील तेव्हा खारी आण, इथली अगदी वातड असते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभी होते. आम्ही घोडबंदर रोडला उंचावर राहतो. खाली गाड्यांची रांग हलत नाही, पलीकडे खाडीवर धुकट उजेड पसरलेला असतो, आणि त्या उजेडात समोरच्या इमारतीसुद्धा खऱ्या वाटत नाहीत. माझे पप्पा आत्ता डोंबिवलीत खुर्चीत बसलेत, असं मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला आईचा हेवा वाटला.

आमचं जुनं घर डोंबिवली पूर्वेला, कारखान्यांच्या बाजूचं. तिथल्या हवेला रोज वेगळा वास. कधी अत्तराची बाटली फुटल्यासारखा, कधी सडक्या अंड्यांचा. पप्पा कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात होते. डाग नसलेला एकही शर्ट त्यांच्याकडे नव्हता. लग्नकार्यासाठी ठेवणीतला म्हणून जो होता त्याच्याही बाहीवर जांभळा शिंतोडा होता. नखं कायम गुलाबी नाहीतर निळी. लिंबानं घासून, राखेनं घासून ते थकले, आणि रविवारी त्याच नखांनी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायचे. घरामागच्या नाल्याला अधूनमधून तांबडं पाणी यायचं. लहानपणी ते बघून मी किंचाळत घरात पळाले होते, कारण शेवटच्या दिवसांत नद्यांचं रक्त होणार, हे आईनंच मला शिकवलं होतं. पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लाल रंगाचा लॉट बिघडला असेल आज."

आई जे शिकवायची ते मात्र असं पेपराआड ढकलता यायचं नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. आई शाळेत शिक्षिका होती, पण तिची खरी शाळा शुक्रवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत भरायची. चर्चच्या मंडळीतल्या बायका चपला दाराबाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन सतरंजीवर बसायच्या, एक भजन व्हायचं, आणि मग आई पवित्र शास्त्र उघडायची. इतर घरांतल्या सभांमध्ये प्रेम, क्षमा, आत्म्याची फळं असले गोड विषय असत. आईचा हातखंडा विषय एकच, शेवटच्या काळातली फसवणूक. खोटे संदेष्टे, ख्रिस्तविरोधी, अनीतीचा पुरुष. बायका घाबरायच्या, आणि पुढच्या शुक्रवारी आणखी बायकांना घेऊन यायच्या.

तिच्याकडे एक फळी होती, काळं फ्लॅनेल ठोकलेली. कागदी चित्रांच्या पाठीला फ्लॅनेलचा तुकडा डकवला की ती चित्रं फळीवर अलगद चिकटायची आणि अलगद निघायची. ही चित्रं आई स्वतः करायची. समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाची सात डोकी तिनं जुन्या कॅलेंडरांतल्या वाघसिंहांची कापली होती. सातवं कमी पडलं म्हणून एक पामेरियन कुत्र्याचं लावलं होतं, आणि सगळ्यात भयंकर तेच दिसायचं. अजगर लग्नपत्रिकांच्या लाल-सोनेरी कागदाचा. दुसरं श्वापद कोकरासारखं, दोन इवल्याशा शिंगांचं, पण त्याच्या तोंडी बोली अजगराची. आणि सगळ्यांत शेवटी ती एक चित्र काढायची, ते बघायला मी परीक्षेचा अभ्यास सोडून दारात येऊन बसायचे. पांढऱ्याशुभ्र साटिनचा झगा घातलेला, सूटच्या कापडाच्या जाहिरातीतून कापलेला एक अतिशय देखणा माणूस. प्रकाशाच्या दूताचं सोंग घेतलेला सैतान.

"शिंगंवाल्याला दार कोण उघडेल?" आई बायकांना विचारायची. "फसवायला येणारा तुम्हाला आवडेल असाच येणार. तुमच्या मनात काय आहे ते बघून, तेच रूप घेऊन येणार. म्हणून चेहरा बघायचा नाही, करणीचं फळ बघायचं. आणि बेधडक विचारायचं, तू कोणाकडून आलास? जे देवाकडून आलंय ते आपल्या प्रश्नाला भीत नाही."

मी तेव्हा बारातेरा वर्षांची असेन. त्या साटिनवाल्यावर माझं प्रेम बसलं होतं, हे आईला कधीच कळलं नाही.

तर अशा बाईला, म्हातारपणी, खुर्चीत बसलेला माणूस दिसायला लागला.

तिच्या डोळ्यांचं आधी सांगायला हवं. एक डोळा काचबिंदूनं कधीच खाल्ला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तो पिकत चालला होता. तिला सगळं तांदळाच्या पेजेतून बघावं तसं दिसायचं. नळ चालू आहे का ते हात लावून बघायची, माझा चेहरा हनुवटीपाशी आणून न्याहाळायची आणि तरी म्हणायची, "नीटसं नाही दिसत गं." पण खुर्चीतले पप्पा तिला लख्ख दिसत. मी त्या शनिवारी खारी घेऊन पोहोचले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, "आत्ता आहेत?"

"आहेत की."

"कसे दिसतात?"

"बरे दिसतात. अंगानं भरलेत. पांढरा शर्ट आहे." ती डोळे बारीक न करता, आरामात बघत होती. "चौथ्या बटणाला दोरा निघालाय थोडा."

मी खुर्चीकडे पाहिलं. उन्हाचा एक पट्टा वेतावर पडला होता, त्यात धुळीचे कण तरंगत होते. खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे धपधप आवाज येत होते. मला काहीच दिसलं नाही, पण मी हलले नाही. मग दर शनिवारी असंच व्हायला लागलं. मी यायचे, आम्ही दोघी बसायचो, आणि आई मला सांगायची, आज कुठे बघतायत, आज पाय जवळ घेतलेत, आज कानामागचे केस कापलेले दिसतायत. बोलत नाहीत, नुसतं प्रेमानं बघतात. ती दुपार संपूच नये असं मला वाटायचं. ऑफिसातले फोन मी बंद ठेवायचे. मी हिशेबी बाई आहे, लोकांच्या असल्या गोष्टींना हसणारी. पण त्या खोलीत मला हसू आलं नाही.

खालच्या मजल्यावर एक आगरी मावशी राहतात, इथल्या मूळ गावातल्या. आईची त्यांच्याशी चाळीस वर्षांची मैत्री आणि तितकीच जुनी भांडणं. त्यांना हे कळल्यावर त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो मास्तरणी, तुजा मानूस आयलाय तं बसूं दे ना त्याला. त्याला काय खायाला देतेस का नाय?"

"आमच्यात मेलेले असे येऊन बसत नाहीत," आई म्हणाली.

"मंग ह्यो कोन हाय?"

मावशी गेल्यावर आई कितीतरी वेळ हाताची बोटं मोडत बसली. तोच तिचा पेच होता. तारण पावलेल्यांना शुभ्र वस्त्रं मिळतात, हे ती शिकवत आली होती. फसवणारा शुभ्र होऊनच येतो, हेही तीच शिकवत आली होती. खुर्चीतला पांढरा शर्ट या दोहोंपैकी कुठला, हे शास्त्रातून शोधून काढायला तिला आता अक्षरंही दिसत नव्हती. मी वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाली, "नको. पाठ आहे सगळं."

मी तिला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ. त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. म्हणाले, नजर फार कमी झाली की मेंदू रिकामी जागा स्वतःच्या चित्रांनी भरतो. वेड नाही, भास आहेत, बऱ्याच जणांना होतात, लाजून कुणी सांगत नाही एवढंच. मोतीबिंदू काढला, उजेड नीट आत गेला, की बहुतेक थांबेल. आणि काढायला हवाच, फार कडक झालाय, आणखी थांबलो तर हाही डोळा हातचा जाईल.

"थांबेल म्हणजे?" आईनं विचारलं.

"दिसायचं बंद होईल, आई."

आम्ही गाडीनं परत निघालो. कळवा मागे पडलं, मुंब्र्याचा डोंगर मागे पडला. डोंबिवलीत शिरल्यावर आई म्हणाली, "मला नाही करायचं ऑपरेशन."

मग सगळ्यांनी सांगून पाहिलं. मंडळीतल्या एका बाईनं फोनवर कुठल्याशा उपदेशकाचा व्हिडिओ बघितला होता. ती येऊन कुजबुजली की डोळ्यात बसवतात त्या भिंगावर नंबर असतो, आणि तीच शेवटच्या काळात माणसांवर मारली जाणारी श्वापदाची खूण, बरं झालं तुम्ही नाही म्हणालात. आई एवढी उसळली की मला बरं वाटलं. "खूण कपाळावर नाहीतर उजव्या हातावर, असं लिहिलंय. डोळ्याचं नाव तरी आहे का तिथे? आधी वाचा नीट, मग घाबरा!" ती बाई चहा न पिता गेली. म्हणजे आईची अक्कल ठिकाणावर होती. ती भिंगाला भीत नव्हती. तिला खुर्ची रिकामी व्हायला नको होती, आणि त्यासाठी ती आंधळी व्हायला तयार होती. मी चिडले, रडले, तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आणि खरं तर मला दोन्ही हवं होतं, तिचा डोळाही आणि ते शनिवारही. माझ्या चिडण्यात जोर कुठून येणार?

एका शनिवारी मी आत चहाचं आधण ठेवत होते. बाहेरून आईचा आवाज आला. सभेतला, शिकवतानाचा आवाज. मी दारात आले. ती खुर्चीसमोर उभी होती, पदर डोक्यावर, हात जोडलेले नाहीत, शिक्षिका फळ्यासमोर उभी राहते तशी ताठ.

"प्रभू देह धारण करून आला, हे कबूल करता का तुम्ही?"

देवाकडून आलेला आत्मा ओळखायची शास्त्रातली कसोटी ती हीच शिकवायची. दूर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला. तिनं पुन्हा विचारलं, शब्द न् शब्द तोच.

"काय म्हणाले?" मी न राहवून विचारलं.

"हसले."

मग तिनं भजन म्हणायला सुरुवात केली. आईच्या गळ्याविषयी आमच्या मंडळीत फार आदरानं मौन पाळलं जातं. आणि पप्पांचा कान! पोळी लाटतानाही ती पट्टीतून सरकली की ते न्हाणीघरातून ओरडायचे, "अगं पट्टी! पट्टी कुठं गेली तुझी?" आयुष्यभर त्यांची यावरून भांडणं झाली. त्या दुपारी ती नेहमीपेक्षाही वाईट गात होती. मुद्दाम. सूर सोडून, ताल सोडून, कर्कश, दुसरं कडवं तर माझ्याच्यानं ऐकवेना. गाता गाता ती त्या पांढऱ्या शर्टाकडे बघत होती, आणि तिच्या मानेची शीर ताठ झाली होती.

ती थांबली. खिडकीतून संध्याकाळचा पिवळट उजेड आत आला होता.

"अजून हसतायत," ती म्हणाली.

कान देऊन काहीतरी ऐकायचा प्रयत्न करावा तशी मान तिरकी करून उभी होती. ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतेय. आत चहा उतू गेल्याचा वास आला तरी मी हलले नाही. शेवटी ती वळली, भिंत चाचपत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव."

ऑपरेशन सोपं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आईनं आधी स्वतःचे हात पाहिले, उलटसुलट करून, आणि "किती म्हातारे झालेत" म्हणाली. मग मला पाहिलं आणि मलाही तेच म्हणाली. घरी आणलं तेव्हा दुपार होती. काळा चष्मा लावून ती आपली आपण जिना चढली. खोलीत येऊन पलंगावर बसली, खुर्चीकडे तोंड करून. मी खिडकी उघडली. उन्हं कलली, पट्टा वेतावर आला, सरकला, जमिनीवर उतरला आणि विझला. आई बघत होती. वेताची दोन पेरं तुटलीत, बदलून घ्यायला हवीत, एवढंच बोलली. रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. मी मात्र न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडले. माझे पप्पा तेव्हा दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी त्यांना घालवायला मीच आईला हाताला धरून नेलं होतं.

पुढे तीनेक आठवड्यांनी शुक्रवारची सभा पुन्हा सुरू झाली. मी सुट्टी काढून गेले. बायका खूप आल्या होत्या. आईला दिसायला लागलं यासाठी देवाचे आभार मानायचे होते. भजन झालं. आई उभी राहिली, आणि तिनं शास्त्रही उघडलं नाही, फळीही मांडली नाही. म्हणाली, आज साक्ष देते. आणि तिनं सगळं सांगितलं. खुर्ची, पांढरा शर्ट, प्रश्न, भजन. बायकांनी श्वास रोखले होते. एकदोघींनी कपाळावरचा घाम टिपला.

"म्हणजे भजनानं ओळखलंत तुम्ही त्याला," पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली. "प्रभूची स्तुती असो."

"नाही," आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. नखं बघितली ना मी. स्वच्छ होती."

मी दारात उभी होते. इतके महिने ती मला कानामागचे केस सांगत होती, बटणाचा दोरा सांगत होती. नखांचं एकदाही बोलली नव्हती.

"मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवलं, की फसवणारा वेश बदलून येतो आणि आपण त्याला ओळखत नाही," ती म्हणाली. "अर्धंच शिकवलं. मी ओळखून दार उघडलं. एकटीला दुपार खायला उठायची. हा रोज यायचा, शांत बसायचा, माझ्यावर रागवायचा नाही. डॉक्टर म्हणतात माझ्याच डोक्यातून आला. असेल. त्यानं काही वाईट केलं नाही माझं. मी म्हटलं, असू दे."

"मग घालवलं कशाला?" कुणीतरी विचारलं.

"त्या दिवशी मी वाईट गायले, आणि म्हटलं, आता हे असते तर काय बोलले असते? तर मला आठवेना. आवाजच आठवेना. बेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या शिव्या ऐकल्या, त्याची एक शिवी आठवेना मला. डोळे मिटले की हाच दिसायचा, गोड हसणारा. ह्यानं माझ्या माणसाची जागा घेतली होती. तेव्हा मी घाबरले."

वर पंखा किरकिरत होता. मग तीच म्हातारी हळूच म्हणाली, "आता आठवतात का?"

"आता?" आई म्हणाली. "आता एकेक करून सगळ्या आठवतात." आणि ती एकदम कंबरेवर हात ठेवून, मान मागे टाकून, पप्पांच्या त्या किरट्या, वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "अगं हळू गा, देव बहिरा नाही!"

बायका खो खो हसल्या. मीही हसले, कारण ते पप्पाच होते, अगदी तेच, तिरसट आणि खरे. आई हसता हसता खाली सतरंजीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण तिला थांबवायला आमच्यातली एकही उठली नाही.